जबडा दुखतो म्हणून फुल फेस मास्क घ्यावा का? जानेवारीत अंदमानला जायचं आहे

धरमपेठची मासोळी
शनिवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. झिरो माइलचा दगड आमच्या नागपुरात, म्हणजे कोणत्याही किनाऱ्याला निघा, अंतर सारखंच लांब. तरी मला समुद्राचं वेड लागलं आहे आणि घरचे ऐकून ऐकून कंटाळले आहेत, म्हणून इथे विचारते.

वय ४७. मुलीला पोहायला सोडायला जायची, काठावर बसून बसून चाळिशीत स्वतःच शिकली. दोन वर्षांपूर्वी मालवणला जाऊन ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स केला. आतापर्यंत नऊ डाइव्ह. जानेवारीत मुलीबरोबर (ती १९ ची, तिचंही सर्टिफिकेट आहे) स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला जायची तिकिटं काढून झाली.

अडचण जबड्याची. खाली डाव्या बाजूला ब्रिज आहे आणि सांधा साधी जांभई दिली तरी कट्‌कन वाजतो. टाकीतली हवा तोंडात देणाऱ्या रेग्युलेटरचा माउथपीस अर्धा तास दातात धरला की कानापासून हनुवटीपर्यंत ठणका लागतो. मालवणला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समोर सुरमईचं ताट आणि मी आपली सोलकढी पिऊन राहिली.

दुसरं म्हणजे मास्कमध्ये शिरलेलं पाणी नाकाने फुंकून बाहेर काढणं. जमतं, पण छातीत धडधड होऊन जमतं. शिवाय चष्मा आहे, दोन्ही डोळ्यांना उणे चार.

तर महिनाभर व्हिडिओ पाहून राहिली. मत्स्यालयात टाकीच्या आत उभा राहून पाणबुड्या काचेपलीकडच्या मुलांशी गप्पा मारतो, ते पाहिलं. पूर्ण चेहरा झाकणारा मास्क, तोंडात काही धरायचं नाही, नाकाने श्वास, वर बोलता येतं! म्हटलं हा तर माझ्यासाठीच केलेला आहे.

उत्साहात एक चूक केली. इथल्या एका दुकानात विचारलं, तर त्याने स्नॉर्कलिंगचा पूर्ण चेहऱ्याचा मास्क हातात ठेवला. म्हणाला, मॅडम यालाच छोटी टाकी जोडता येते, वीस मिनिटं आरामात चालते. टाकी घेतली नाही, मास्क घेतला. स्विमिंग पूलच्या खोल बाजूला खाली जाऊन पाहिलं. काच चेहऱ्यावर दाबली गेली, कान दुखायला लागले, आणि नाक चिमटीत धरायला हात नेला तर बोटं प्लास्टिकवर आपटली. वर आली तर जीवरक्षक पोरगा हसून राहिला होता.

आता सांगा, खरा स्कूबाचा फुल फेस मास्क घ्यावा का? फायदे किती खरे, तोटे किती मोठे? आणि नागपुरात सराव करायला काही सोय?

तर्री मारके
शनिवार, रात्री ११.१५

ताई टेन्शन नका घेऊ. माझ्या भाच्याने गोव्यात हाच स्नॉर्कलवाला वापरला, एक नंबर. टाकी जोडायचा अडॅप्टर ऑनलाइन भेटते. लाख रुपये कायले वाया घालवता.

जुना पाणबुड्या
रविवार, सकाळी ६.२०

तर्रीभाऊ, तर्री पोह्यावर टाका, इथे नका टाकू.

मासोळीताई, तो स्नॉर्कलचा मास्क आणि ती छोटी टाकी, ही जोडी पाण्यात नेऊ नका, हात जोडून सांगतो. कारण तुम्ही पूलमध्ये स्वतःच अनुभवलं. खाली गेलं की दाब वाढते, मास्कातली हवा आकसते आणि काच चेहऱ्यावर बसते. साध्या मास्कमध्ये आपण नाकाने थोडी हवा सोडून ती जागा भरतो आणि नाक दाबून कान मोकळे करतो. स्नॉर्कलवाल्यात नाक कडक प्लास्टिकच्या आत असते. डेकॅथलॉनने २०१४ मध्ये ईझीब्रेथ आणला तो पाण्यावर तरंगत खाली पाहण्यासाठी, आणि तेवढ्यालाच तो ठीक. २०२० च्या मार्चमध्ये इटलीत ब्रेशियाकडच्या इंजिनिअरांनी त्याला थ्रीडी प्रिंटरवर छापलेला व्हॉल्व्ह बसवून कोरोनाच्या रुग्णांसाठी वापरायची युक्ती काढली होती, त्याचं कौतुकच आहे. पण तो रुग्ण पलंगावर होता. दहा मीटर पाण्याखाली नव्हता.

आता खऱ्या मास्कबद्दल. मी १७ वर्षं कमर्शियल डाइव्हिंग केलं. आधी समुद्रात तेलाच्या प्लॅटफॉर्मवर, मग पाठीने साथ सोडली तसा धरणांच्या कामावर. आता त्रिमूर्तीनगरात घरी असतो, नातवाला पोहायला नेतो. फुल फेस मास्क माझ्या तोंडावर तासन्‌तास राहिला आहे.

कपाळापासून हनुवटीच्या खालपर्यंत रबराची चौकट, समोर एक मोठी काच, तोंडासमोर रेग्युलेटर घट्ट बसवलेला. आत नाकातोंडावर आणखी एक रबरी वाटी असते. तिच्यामुळे सोडलेला श्वास सगळ्या मास्कभर पसरत नाही, वाटीतूनच बाहेर जाते. नाहीतर आपलीच कार्बन डायऑक्साइडची वाफ आपण परत ओढत बसलो असतो. ताजी हवा आधी काचेवरून येते आणि मग वाटीत शिरते, म्हणून काचेवर धुकं धरत नाही. तुम्ही लोक मास्कात थुंकी चोळता ना, ते इथे लागत नाही.

फायदे खरे आहेत. तोंडात काही धरायचं नाही, म्हणजे जबड्याला आराम. नाकाने श्वास घेता येते. थंड पाण्यात चेहरा कोरडा राहते. माणूस बेशुद्ध झाला तरी तोंडातून रेग्युलेटर सुटून पाणी आत जायची भीती कमी, कारण मास्क जागेवरच राहते. २०१८ च्या जुलैत थायलंडच्या थाम लुआंग गुहेतून १२ मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक बाहेर काढले ते याच जातीचे मास्क लावून. मुलांना भूल दिली होती, माउथपीस धरणार कोण? मास्कात बाहेरच्या पाण्यापेक्षा जरासा जास्त दाब ठेवला, म्हणजे कडेला फट राहिली तर हवा बाहेर जाईल, पाणी आत येणार नाही. सिलिंडरमध्ये ८० टक्के ऑक्सिजन. त्याआधी गावातल्या पोरांना स्विमिंग पूलमध्ये लावून पाहिले. पण ताई, एक लक्षात घ्या, त्या मुलांना स्वतः काहीच करायचं नव्हतं. कान, हवा, दिशा, सगळं दुसऱ्यांनी पाहिलं. तुम्हाला हॅवलॉकला सगळं स्वतःच करायचं आहे.

बोलण्याचं म्हणाल तर धरणात माझा जीव त्यावरच होता. गेटच्या खाचेत पाणी इतकं गढूळ की हात काचेला टेकेपर्यंत दिसत नसे. वर काठावर टेंडर, म्हणजे माझी दोरी आणि वायर सांभाळणारा. तो माझा श्वास ऐकत असे. एकदा मी काहीच बोललो नव्हतो आणि तोच म्हणाला, "भाऊ, श्वास जलद होऊन राहिला, थांबा जरा." खाली गाळात माझा पाय अडकला होता आणि ते मला कळायच्या आधी त्याला कळलं.

आणि घाण पाणी. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. अंबाझरी ओसंडली आणि नाग नदी लोकांच्या बैठकीच्या खोलीत शिरली. नाल्याचं, गटाराचं, बुडालेल्या गाड्यांच्या डिझेलचं असलं पाणी साध्या माउथपीसच्या कडेने घोटभर तरी आत जातेच. असल्या कामाला फुल फेस मास्क पाहिजेच, आणि त्यातही जास्त दाब धरणारा. स्वीडनचा इंटरस्पिरो, ज्याला आमच्या वेळचे लोक आगा म्हणत, तो त्यासाठीच नावाजलेला. तरी कान आणि मान उघडीच राहतात. फारच विषारी पाणी असेल तर अंग कोरडं ठेवणाऱ्या ड्रायसूटला जोडलेली हॅट, म्हणजे हेल्मेट लागते.

हॅवलॉकला यातलं काय आहे? पाणी स्वच्छ, ऊबदार, दूरवरचं दिसणारं. टेंडर नाही, वायर नाही. तोटे मात्र सगळे तुमच्याबरोबर विमानाने येतील. ते संध्याकाळी लिहितो, नातू उठला.

कोथरूडचं कासव
रविवार, सकाळी ११.०५

पाणबुड्याकाकांचा आदर राखून थोडी दुसरी बाजू. मी गेली चार वर्षं ओशन रीफ कंपनीचा नेपच्यून हा फुल फेस मास्क वापरतो आहे आणि मी काही कमर्शियल डायव्हर नाही, आयटीवाला आहे. माझ्या बायकोला माउथपीस तोंडात घेतला की उमासे यायचे. तिने दोन वेळा कोर्स अर्धवट सोडला. फुल फेस मास्क लावला आणि पहिल्यांदा पंचवीस मिनिटं खाली राहिली. वर आल्यावर बोटीवर रडली, आनंदाने. तेव्हा हौशी लोकांना याचा उपयोगच नाही, असं नका म्हणू.

कान मोकळे करायची भीती घालतात तेवढी ती अवघड नाही. आत नाकाखाली दोन रबरी उंचवटे असतात. मास्क हाताने वर ढकलायचा, उंचवटे नाकपुड्या बंद करतात, मग फुंकायचं. आपल्या नाकाच्या मापाला ते एकदा बसवून घ्यावे लागतात. मला दहा डाइव्ह लागले. बायकोला तीन.

आम्ही दोघांनी बोलायचं यंत्रही घेतलं आहे. पाण्यातून अल्ट्रासाउंडवर चालतं. मजा येते, पण खरं सांगतो, निम्मा वेळ "काय? परत बोल" यातच जातो. बुडबुड्यांचा आवाज एवढा की समोरचं ऐकायला आपण नकळत श्वास धरून बसतो. आणि डायव्हिंगचा पहिला नियमच श्वास न धरण्याचा! वर येताना श्वास धरला तर फुप्फुसातली हवा फुगते. आता आम्ही ठरवलं आहे, वर चढताना कोणी कोणाशी बोलायचं नाही.

माझी दाढी होती. ती गेली. रबराच्या कडेला केस आले की मास्क गळतो, आणि जास्त दाबवाला असेल तर हवा फुसफुसत वाया जाते.

धरमपेठची मासोळी
रविवार, दुपारी २.३०

बाप्पा, एवढं सविस्तर! दोघांचे आभार. कासवभाऊ, तुमच्या बायकोसारखीच माझी गत आहे.

काका, एक भाबडा प्रश्न. मुलीची हवा संपली आणि माझ्या तोंडावर हा मास्क आहे, तर तिला मी हवा कशी देणार? आणि माझीच संपली तर? कोर्समध्ये तर शिकवलं होतं की जोडीदाराचा पिवळा ऑक्टोपस, म्हणजे त्याचा जादा रेग्युलेटर घ्यायचा आणि तोंडात घालायचा. इथे तोंडच बंद!

जुना पाणबुड्या
रविवार, रात्री ८.५०

भाबडा कुठला, हाच तर मुख्य प्रश्न आहे. बाकी सगळे तोटे मी दोन ओळीत उरकतो आणि यावर येतो.

महाग आहे. जड आहे. आत हवेचा मोठा फुगा असल्याने डोकं वर ओढलं जाते, मान आखडते. बॅगेत अर्धी जागा खाते. भाड्याच्या सेटवर जोडायचा तर फर्स्ट स्टेजचा, म्हणजे रेग्युलेटरच्या सिलिंडरवर बसणाऱ्या भागाचा, मधला दाब मास्कला जुळवून घ्यावा लागते, आणि बरेच डाइव्हवाले आपल्या बोटीवर अनोळखी मास्क घेऊ देत नाहीत. त्यांचंही चूक नाही. चष्म्याचा नंबर आत वेगळ्या फ्रेमवर बसवून घ्यावा लागते. हवा जास्त लागते. समजा ११ लिटरचा सिलिंडर २०० बार दाबाला भरला, म्हणजे २२०० लिटर हवा. ५० बार राखीव सोडले तर हाताशी १६५०. दहा मीटरवर दाब दुप्पट, म्हणून वर मिनिटाला २० लिटर ओढणारा तिथे ४० ओढते. ४१ मिनिटं मिळतात. बोलत बसलात, घाबरलात आणि ओढ २५ वर गेली की ३३ मिनिटांत खेळ आटोपला. शिवाय बोटीवर मास्क लावून बसलात की तिथेच सिलिंडरची हवा जायला लागते. त्यासाठी बाजूला वरची हवा घ्यायचा छोटा व्हॉल्व्ह असते. तो उघडा विसरून पाण्यात उडी मारलीत, तर पाणी त्यातूनच आत.

आता तुमचा प्रश्न. मुलीची हवा संपली तर सोपं आहे. तुमच्या सिलिंडरला वेगळा ऑक्टोपस लावलेला असलाच पाहिजे, तो ती घेईल. तुमची संपली तर तुम्हाला मास्क काढावा लागेल. पाण्याखाली, डोळे उघडे, नाक उघडं. मग मुलीचा ऑक्टोपस शोधून तोंडात घालायचा, पाणी बाहेर फुंकायचं, खिशातला साधा मास्क काढून लावायचा आणि तो रिकामा करायचा. म्हणजे ज्या गोष्टीने तुमच्या छातीत धडधड होते, नेमकी तीच. आणि हवा संपलेली असताना.

कर्बी मॉर्गनचा एम-४८ आहे, त्याचा तोंडासमोरचा भाग सुटा निघते, काच डोळ्यावर तशीच राहते आणि तोंडात दुसरा रेग्युलेटर घेता येते. काहींना दुसऱ्या सिलिंडरच्या हवेवर जायचा ब्लॉक लावता येते. पण हे सगळं आणखी सामान, आणखी सराव.

माझी गोष्ट सांगतो, कोणाला दोष द्यायला नाही, दोष माझाच होता. विदर्भातल्या एका धरणाची इंटेक विहीर, म्हणजे पाणी उचलायची विहीर, खोली अकरा मीटर. त्या दिवशी वरून हवेची लाइन नव्हती, पाठीवर सिलिंडर आणि तोंडावर मास्क. काम दहा मिनिटांचं, जाळीत अडकलेला ओंडका सोडवायचा. दिसत काहीच नव्हतं, म्हणून गेज डोळ्याला लावून पाहावं लागे आणि मी आळस केला. श्वास ओढायला जड झाला. एक ओढ, दुसरी ओढ, आणि तिसऱ्या वेळी काच गालाला चिकटली.

पाठीला छोटा राखीव सिलिंडर होता, त्याचा रेग्युलेटर छातीवर लटकवलेला. दहा सेकंदांचं काम. पण मास्कला पाच पट्टे असतात ताई. दोन हनुवटीकडे, दोन कानशिलाला, एक डोक्यावर. काढताना दोन्ही अंगठे खालच्या बकलांखाली घालून पुढे ढकलायचे, म्हणजे पट्टे ढिले होतात, आणि मास्क हनुवटीपासून वर उलटायचा. मी घाबरून वरचा पट्टा ओढला. तो आणखी घट्ट झाला. मग मास्क अर्धा निघाला, कपाळावर अडकला, आणि गढूळ पाणी सरळ नाकात. नाकात पाणी गेलं की घसा आपोआप बंद होते, हे पुस्तकात वाचलं होतं. तेव्हा कळलं. रेग्युलेटर हाताला लागला तो उलटा. सरळ केला, पाणी बाहेर ढकलायचं पर्जचं बटण दाबलं, पहिला श्वास अर्धा पाण्याचा आला.

वर आलो तेव्हा टेंडर म्हणाला, किती वेळ गेला माहीत आहे? मला वाटलं पाच मिनिटं. तो म्हणाला, चाळीस सेकंदही नाही.

पाच वर्षं तो मास्क रोज लावत होतो. पाण्याखाली काढायचा सराव एकदाही केला नव्हता. लावलेला असताना तो इतका आरामाचा असते की काढायचं नावच निघत नाही. त्या दिवसानंतर कामाला लागायच्या आधी उथळ पाण्यात एकदा काढून, राखीव रेग्युलेटर घेऊन, साधा मास्क लावून दाखवल्याशिवाय मी खाली गेलो नाही. पोरं हसायची. हसू दिलं.

कासवभाऊ, तुमच्या बायकोबद्दल वाचून बरं वाटलं, मनापासून. फक्त एक विचारतो, तिने तो खाली काढून पाहिला आहे का?

कोथरूडचं कासव
रविवार, रात्री ९.४०

नाही काका. मी कोर्समध्ये काढला होता, एकदाच, पूलमध्ये. तिने कोर्स न करता माझ्याकडूनच शिकून घेतलं. पुढच्या रविवारी दोघं पूलवर जातो.

बर्डीची दातवाली
सोमवार, दुपारी १.१०

मी दंतवैद्य आहे, सीताबर्डीत प्रॅक्टिस करते. स्कूबा टीव्हीवर पाहिलं आहे तेवढंच, पण तोंड माझं क्षेत्र आहे, म्हणून मध्ये पडते.

मासोळीताई, दुकानात मिळणारा माउथपीस सगळ्यांना एकच. त्यावर चावायला छोट्या दोन गाद्या असतात, त्या बहुधा पुढच्या सुळ्यांपाशी आणि त्यामागच्या दाढांपाशीच संपतात. तुम्ही खालचा जबडा थोडा पुढे सरकवून त्या पकडता आणि अर्धा तास तसंच धरून ठेवता. सांधा आधीच कुरकुरणारा, त्याला हे सोसत नाही. त्यात हवेची नळी, म्हणजे होज, एका बाजूला ओढत असेल तर ताण डावीकडेच पडणार, आणि तुमचा ब्रिजही डावीकडे.

गरम पाण्यात मऊ करून दातांच्या ठशावर बसवायचे माउथपीस मिळतात. त्यांची गादी मागच्या दाढांपर्यंत जाते, त्यामुळे चावून धरावं लागत नाही, ओठांनी धरलं तरी राहतो. ब्रिज हलत नाही ना, हे आधी दाखवून घ्या. माझ्याकडेच या असं नाही, कोणाकडेही दाखवा. आणि दुखणारा जबडा घेऊन सुरमईकडे नुसतं पाहत बसू नका.

जुना पाणबुड्या
सोमवार, दुपारी ३.००

डॉक्टरबाई, जे मी चार पानात सांगायला पाहिजे होतं ते तुम्ही दोन परिच्छेदात सांगितलं. होजचं अगदी खरं. होज छोटा असला की मान वळवली रे वळवली की तोंडातून ओढला जाते. लांब होज किंवा मध्ये फिरणारा सांधा लावला की निम्मा भार जाते.

ताई, सरावाचं विचारलं होतं. तलावात जाऊ नका. फुटाळा, अंबाझरी, गोरेवाडा, कुठेही परवानगीशिवाय उतरायचं नाही आणि गाळ, जलपर्णी, जुन्या विसर्जनाच्या तारा यात हौशी माणसाचं काम नाही. स्विमिंग पूल पुरे. गंमत म्हणून सांगतो, नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरच्या आसपास आहे. ३०० च्या वरच्या पाण्याला डायव्हिंगवाले उंचीवरचं पाणी म्हणतात आणि खोलीची कोष्टकं बदलतात. म्हणजे आपला अंबाझरी कागदोपत्री डोंगरातला तलाव! तीन मीटरच्या पूलला त्याने फरक पडत नाही.

पुढच्या रविवारी सकाळी मी नातवाला घेऊन येईन. माझा जुना मास्क आणतो. एकदा लावा, एकदा काढा, मग ठरवा.

धरमपेठची मासोळी
११ दिवसांनी, शुक्रवार, रात्री ९.१५

खबर द्यायला उशीर झाला.

काका सांगितल्या वेळेला पूलवर हजर होते, थर्मासमध्ये चहा घेऊन. मास्कला रबराचा आणि ब्लीचिंगचा वास होता. त्यांनी हनुवटी आधी बसवून घेतली, मग खालचे पट्टे, मग कानशिलाचे, डोक्यावरचा शेवटी, तोही नुसता टेकवला. उथळ बाजूला बसून पाण्यात डोकं घातलं. नाक कोरडं! स्वतःचा श्वास कानात घुमत होता, रात्रीच्या रेल्वेच्या डब्यात झोपलेल्या माणसासारखा. काच इतकी रुंद की पलीकडच्या लेनमधल्या आजोबांचे पायाचे अंगठे दिसत होते. जबड्याला काही म्हणजे काही नाही. पाच मिनिटं मी तिथेच बसून राहिली, आणि मनात पक्कं केलं की घ्यायचाच.

मग काकांनी खांद्यावर दोनदा थोपटलं. म्हणजे, काढा.

पहिल्या वेळी मी सरळ उभीच राहिली. पाणी छातीपर्यंतच होतं, म्हणून वाचली. दुसऱ्या वेळी अंगठे बकलाखाली गेले, पण मास्क केसात अडकला आणि नाकात पाणी. खोकून खोकून जीवरक्षक पोरगा धावत आला (या वेळी हसला नाही). तिसऱ्या वेळी निघाला, रेग्युलेटर तोंडात गेला, साधा मास्क लावला आणि तो रिकामा करायला मला चार फुंकर लागल्या. धडधड होतीच. पण काकांनी बोटाने खूण केली, परत. मग परत, आणि परत. सहाव्यांदा दोन फुंकर.

तर आता घेत नाही. त्या पैशात उणे चार नंबरच्या काचा असलेला साधा मास्क, लांब होज आणि गरम करून बसवायचा माउथपीस घेतला, वर पैसे उरले. ब्रिज डॉक्टरांना दाखवला, घट्ट आहे. मास्क रिकामा करायचा सराव रोज दहा वेळा चालू आहे. मुलगी काठावर बसून मोजते.

कासवभाऊ, तुमच्या बायकोचं काय झालं ते नक्की लिहा.

माउथपीस चहाच्या पातेल्यात उकळला. घरभर रबराचा वास सुटला आणि त्या पातेल्यातला चहा आता कोणीच घेत नाही. रविवारी इतवारीतून नवं आणते, हे जुनं टाकून देते.

जुना पाणबुड्या
शुक्रवार, रात्री ९.५०

पातेलं टाकू नका. ठसा पहिल्या खेपेला क्वचितच नीट बसते.